हरवट उजेड

डॉक्टरीणबाईंनी पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं, एका ओळीखाली नख टेकवलं आणि शांतपणे सांगितलं,

“काका, इथली वेलांटी पडलीय.”

प्रकाशनाच्या त्या अरुंद कचेरीत पंखा सोडला तर सगळं थांबलं. संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्या फटाफटताईंची बोटं हवेतच राहिली. पार्सलं बांधणाऱ्या शिपायाने दातांत धरलेली सुतळी सोडली नाही की ओढली नाही. काचेच्या दारापलीकडे फोनवर बोलणाऱ्या प्रकाशकांना शब्द ऐकू गेले नसावेत, पण बाहेरचे चेहरे बघून त्यांनीही बोलणं आवरतं घेतलं. तसं पाहिलं तर वेलांटी पडण्यात नवल ते काय? पुस्तकांच्या धंद्यात वेलांट्या रोज पडतात. पण ही पडली होती ती वेलांटीकाकांच्या हातून.

वेलांटीकाका हे तिथले मुद्रितशोधक. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याचं पान न पान वाचायचं आणि चुका काढायच्या, हे त्यांचं काम. त्यांचं खरं नाव त्यांच्या टपालावर असायचं तेवढंच. बाकी जगाला ते पहिली वेलांटी कुठे, दुसरी कुठे, यासाठी जीव टाकणारे काका म्हणून माहीत होते. हॉटेलातल्या फलकावर ‘पीण्याचे पाणी’ असं दिसलं की ते तहानलेले उठत. सख्ख्या भाच्याच्या लग्नाची पत्रिका त्यांनी दुरुस्त करून, वर आशीर्वाद लिहून परत पाठवली होती, आणि भाचा त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता. अशा माणसाच्या नजरेतून वेलांटी निसटली म्हणजे गंमतच होती. ती बघायला मिळाल्याचा आनंद शिपायाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

काकांनी चष्मा नाकावर चढवला. पडली असेल, ते मनाशी म्हणाले. माणूस आहे, नजर आहे. मग त्यांनी नखाच्या टोकाला असलेला शब्द वाचला आणि त्यांचा हात टेबलावरच्या पेन्सिलीपर्यंत जाऊन तिथेच राहिला.

‘मागच्या खोलीत हरवट उजेड होता.’

“हिरवट हवं होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हिरवट उजेड.”

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर. एक पेशंट उठून दुसरा खुर्चीत बसेपर्यंतच्या फटीत त्यांनी किशोरवयीन मुलांसाठी एक रहस्यकथा लिहिली होती. त्यांचं हे पहिलंच पुस्तक, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना मुलांनी ते उचलून धरलं. पहिली आवृत्ती संपली. आता दुसरी निघायची होती, म्हणून प्रकाशकांनी त्यांना दुरुस्त्या घेऊन बोलावलं होतं.

आपली तक्रार कशी सुरू झाली तेही त्यांनी सांगितलं. दाढ भरून घ्यायला एक शाळकरी मुलगी आली होती. तोंडात कापूस होता तोवर ती नुसतीच डोळे वटारून बघत राहिली. दुखत असेल असं समजून बाईंनी तिला दोनदा धीर दिला. कापूस काढल्याबरोबर मुलीने विचारलं, टाचणीचं पुस्तक तुम्हीच लिहिलंय ना? आणि हो म्हटल्यावर सांगून टाकलं, की शेवट चांगला आहे पण ती फसवणूक आहे. हिरव्या काचेचं आधी कुठेच सांगितलं नव्हतं.

टाचणी ही गोष्टीतली मुलगी. नाकात बोलणारी, सगळीकडे टोचत फिरणारी. तिच्या गल्लीतला म्हातारा घड्याळजी एक दिवस नाहीसा होतो आणि ती त्याच्या दुकानामागच्या खोलीत शिरते. पुतण्या सांगतो की खोलीच्या खिडकीची काच दुसऱ्या दिवशीच्या वादळात फुटली, म्हणून मी हाताशी होती ती हिरवी काच बसवली. शेवटच्या प्रकरणात टाचणी त्याचं खोटं पकडते, कारण वादळाच्या आदल्या दिवशीच त्या खोलीतला उजेड हिरवट होता. म्हणजे काच तेव्हाच बदललेली होती. सगळं रहस्य त्या एका शब्दाच्या खुंटीवर टांगलेलं, आणि खुंटीच उपटली गेली होती.

“वाचणाऱ्याशी एवढाच तर करार असतो, काका,” बाई म्हणाल्या. “खूण आधी दाखवायची. मी दाखवली होती हो.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. काकांना तो असता तर बरं वाटलं असतं. मनापासून केलेल्या कामावर कुणी लबाडीचा शिक्का मारावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

प्रकाशक बाहेर आले, झाला प्रकार ऐकून हसले आणि म्हणाले, एवढंच ना, दुसऱ्या आवृत्तीत टाकून देऊ, त्यात काय. फटाफटताईंनी खुर्ची वळवून सगळा दोष आपल्या कीबोर्डवर घेतला. हे पुस्तक जुळवलं त्या महिन्यात पहिल्या वेलांटीचं बटण अडकत होतं. दिव्याचा दवा व्हायचा आणि भिंतीची भंत. काका रोज पानं परत देताना म्हणायचे, ताई, आज किती भिंती पाडल्यात? मग ताई त्या पुन्हा उभ्या करायच्या. एवढ्या पडझडीत एखादी राहून जाणारच, असं त्यांचं म्हणणं. काकांच्या बाजूने कुणी इतकं बोलल्याचं कचेरीत कुणालाच आठवत नव्हतं.

काकांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कचेरीचा जिना चढताना एक वाक्य मनात घोळवलं होतं, आणि ते वाक्य आता कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

ते वाक्य आभाराचं होतं. इतकी वर्षं त्यांनी लेखकांना त्यांच्या चुका सांगितल्या होत्या, कौतुकाची वेळ आली की हात आखडता घेतला होता. लेखकाला चढवून ठेवलं की तो पुढच्या पुस्तकात ऱ्हस्वदीर्घ बघत नाही, असं त्यांचं ठाम मत. पण या बाईंचे आभार मानायचे हे त्यांनी मागेच ठरवलं होतं, आणि तेसुद्धा नेमके याच शब्दासाठी. ज्याला त्या चूक म्हणत होत्या त्याच.

त्या रहस्यकथेची मुद्रितं त्यांच्याकडे आली तेव्हा काकू जाऊन फार दिवस झाले नव्हते. पाहुणे येऊन गेले होते, मुलगी येऊन राहून तिच्या गावी परतली होती. ती रोज फोन करायची आणि रोज एकच विचारायची, बाबा, घरात कसं वाटतंय? काका म्हणायचे, बरं वाटतंय. मग जेवलात का, झोप लागते का, एवढ्यावर फोन संपायचा. ठेवल्यावर दोघांनाही हायसं वाटायचं आणि दोघांनाही त्याची लाज वाटायची.

खोटं बोलायचं म्हणून ते बरं म्हणत नव्हते. त्यांना शब्दच सापडत नव्हता. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द पारखलेला माणूस, त्याला आपल्या घरासाठी एक शब्द मिळू नये! घर रिकामं म्हणावं, तर ते सामानाने गच्च भरलेलं. सुनं म्हणावं, तर खालच्या मजल्यावर शिकवणीला येणाऱ्या पोरांचा दिवसभर गोंगाट. उदास हा शब्द माणसाचा. तो भिंतींना आणि कपाटांना कसा लावायचा? काकूंचा चष्मा फ्रिजवर होता तिथेच होता. रेडिओचा आवाज त्यांनी ठेवला होता तेवढाच होता. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी काहीतरी सगळ्याला लागलेलं होतं, पुसलं तरी न निघणारं. एकेक शब्द ते हातात घेऊन बघायचे आणि चूक म्हणून बाजूला टाकायचे.

अशातच एका दुपारी, जेवणाच्या टेबलावर पानं पसरून ते टाचणीची गोष्ट तपासत होते. मुलांच्या रहस्यकथा त्यांना मनापासून आवडत असं नाही. त्यात दर पानाला कुणीतरी दचकतं आणि उद्गारचिन्हांचा पाऊस पडतो, ही त्यांची जुनी तक्रार. पण या पुस्तकाने त्यांना दुसऱ्याच प्रकरणात पकडलं होतं. पुतण्याबद्दल बाईंनी लिहिलं होतं, ‘तो खोटसर हसला.’ काकांनी खोटसर या शब्दाला लगेच गोल केला आणि समासात प्रश्नचिन्ह टाकलं. शंकेची पानं तेवढी बाईंकडे गेली, परत आली. प्रश्नचिन्हाशेजारी उत्तर होतं, ‘असंच हवं.’

ते वाचून काकांच्या कपाळाला आठी पडली. मग चहा पिताना ती उलगडली. गोडसर चालतं, ओलसर चालतं, काळसर चालतं, तर खोटसर का नाही? पुरतं खोटं नाही, पण जिभेवर ठेवलं की कळावं इतपत खोटं. आपल्या ओळखीतल्या चार माणसांचं हसू त्यांना लागलीच आठवलं. त्यानंतर ते त्या बाईंना बिचकायचं सोडून त्यांच्या शब्दांची वाट बघू लागले. एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘शेजारीणबाईंच्या आवाजात चपला नव्हत्या,’ आणि काकांना जिन्यात पाऊल न वाजवता येऊन सगळं विचारून जाणारी आपली शेजारीण अख्खी दिसली. एके ठिकाणी जुना जिना ‘पाय ओळखून कुरकुरत’ होता. ते एकटेच हसले. काकू गेल्यानंतर त्या घरातलं ते पहिलं हसू असावं.

आणि मग ते वाक्य आलं. ‘मागच्या खोलीत हरवट उजेड होता. घड्याळं चालू होती, पण कुणासाठी, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.’

पेन्सिल कागदावर टेकली आणि थांबली. हरवट. मळकट असतं, धुरकट असतं, कडवट असतं, तसं हरवट. हरवलेलं नाही, कारण वस्तू सगळ्या तिथेच आहेत. हरवल्याचा नुसता ओशटपणा सगळ्यांवर धरलेला. काकांनी मान वर करून स्वयंपाकघराकडे पाहिलं. ओट्यावर दुपारचं ऊन आलं होतं, नेहमी येतं तसंच, आणि ते हरवट होतं. त्यांनी पुन्हा वाक्य वाचलं. या वेळी त्यांनी गोल केला नाही, प्रश्नचिन्हही टाकलं नाही. खोटसर लिहिणाऱ्या बाईंना विचारायचं काय? त्या म्हणणार, असंच हवं.

त्या दिवशी मुलीने फोनवर नेहमीचं विचारलं तेव्हा ते म्हणाले,

“घर हरवट झालंय गं.”

मग मुलगी म्हणाली की हो बाबा, मी होते तेव्हा मलाही तेच वाटत होतं, पण सांगता येत नव्हतं. आणि ती रडली, तेही रडले, आणि मग कुणास ठाऊक कसं, आईच्या विसरभोळेपणाच्या गोष्टी निघाल्या. एकदा आई चष्मा डोळ्यांवर ठेवूनच चष्मा शोधत शेजाऱ्यांकडे गेली होती, ते आठवून दोघं हसली. तेव्हापासून त्यांच्या फोनमध्ये काकू असायच्या. त्याआधी दोघंही त्यांना वळसा घालून बोलत होती.

हे सगळं एका शब्दाने केलं होतं. कुणीतरी अनोळखी बाईने, त्यांना न बघता, त्यांचं घर बरोब्बर ओळखलं होतं, असं समजून काका इतके दिवस मनातल्या मनात तिचे ऋणी होते. आणि आता ती बाई समोर बसून सांगत होती की तिने उजेडाचा नुसता रंग लिहिला होता. बाकी सगळं अडकलेल्या बटणाचं कर्तृत्व.

“काका, बरं वाटत नाहीये का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तसं नाही.” काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. “ताई म्हणतात ते खरं नाही. ही वेलांटी राहून गेली नव्हती. मी हा शब्द पाहिला होता.”

“पाहिला होतात? मग?”

“मला तो बरोबर वाटला.”

शिपायाने सुतळी सोडून दिली. फटाफटताईंनी संगणकाकडे तोंड केलं खरं, पण बटणं काही वाजेनात. प्रकाशकांना अशा वेळी एखादा फोन हटकून आठवतो. ते आत गेले.

काकांनी सांगितलं ते त्यांच्या पद्धतीने, म्हणजे व्याकरणापासून. आधी खोटसर, त्यावरचं प्रश्नचिन्ह, त्याचं उत्तर. मग मळकट, धुरकट, कडवट. ज्या लेखिकेचा जिना पाय ओळखतो तिच्या खोलीत हरवट उजेड असणं अगदी नियमाला धरून होतं, हे त्यांनी पटवून दिलं. हिरवट हा शब्द आपल्या मनाला शिवलासुद्धा नाही, ही आपली चूक, हेही कबूल केलं. इथवर ते ठीक बोलत होते. मग ओट्यावरच्या उन्हाचं सांगायला लागले आणि मध्येच थांबले. ते पाणी प्यायले आणि त्यांनी उरलेलं थोडक्यात सांगून टाकलं. मुलीचा फोनही सांगितला.

डॉक्टरीणबाई मध्ये काही बोलल्या नाहीत. उघड्या तोंडासमोर गप्प बसून नीट बघायची त्यांना सवयच होती.

“दुपारी घरात बसून वाचताना वाटलं ते सांगतोय मी,” काका शेवटी म्हणाले, “तुमच्या कामाचं नाही ते. रहस्यकथेत खूण हवीच. पोरगी बरोबर बोलली.”

आणि त्यांनी पेन्सिल उचलून, त्या छापील पानावर, ह च्या आधी नीट, गोल, सरळ दांड्याची पहिली वेलांटी काढली. त्यांची वेलांटी नेहमीच देखणी असायची.

बाई त्या वेलांटीकडे बघत राहिल्या.

“गंमत सांगू?” त्या म्हणाल्या. “मला दोघातिघांनी सांगितलं, तो हरवट शब्द काय सुरेख आहे म्हणून. मला वाटलं, लोकांना वाचताच येत नाही. मी त्यांच्यावर चिडले.” त्यांनी पुस्तक आपल्याकडे ओढून वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी ओठ हलवत. “माझ्या पुस्तकातला सगळ्यात चांगला शब्द, आणि तो माझा नाही.”

“तुमचाच आहे.”

“कसा काय? मी लिहिला नाही, तुम्ही लिहिला नाहीत. ताईंच्या बटणाने लिहिला.”

काकांनी थोडा विचार केला. जिन्यात घोळवलेलं वाक्य तर आता उपयोगाचं नव्हतं. त्यात ‘तुम्ही लिहिलेल्या शब्दामुळे’ असं होतं आणि ते वस्तुस्थितीला सोडून होतं. त्यांना नवीन वाक्य करावं लागलं, आणि ते त्यांच्या मानाने बरंच ओबडधोबड झालं.

“त्या महिन्यात बटणाने असे शेकड्याने शब्द लिहिले, बाई. एकूण एक मी चूक म्हणून दुरुस्त केले. हाही केला असता. दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात असता तर डोळे मिटून केला असता. तुमचे बाकीचे शब्द वाचले होते, म्हणून थांबलो. तुम्ही मला थांबायला शिकवलंत. मला तुमचे आभार मानायचे होते.”

लोकांच्या आभारांना बाई सरावलेल्या होत्या, पण ते दाढ दुखायची थांबल्याचे असत. त्यांनी पुस्तक मिटलं, पिशवीत ठेवलं, परत काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं की दुरुस्त्या द्यायला अजून थोडे दिवस आहेत का. काका म्हणाले, आहेत. जाताना त्या दारात थांबल्या आणि त्यांनी काकूंचं विचारलं, की त्या काय करायच्या. काकांनी सांगितलं, शब्दकोडी सोडवायच्या, आणि मला शब्द विचारून मी सांगितलेला हमखास लिहायच्या नाहीत. बाई हसल्या. काकाही हसले.

त्या गेल्यावर काका कचेरीच्या गॅलरीत आले आणि मुलीला फोन लावला. अवेळी फोन बघून ती घाबरली. त्यांनी आधी, सगळं ठीक आहे, असं सांगितलं आणि मग, चोरी कबूल करावी तशा आवाजात, की तो आपला शब्द खरा नव्हता गं, एका पुस्तकात आलेली छापण्यातली चूक होती. मुलगी जोरात हसली. वेलांटीकाकांची वेलांटी, असं म्हणून पुन्हा हसली. मग म्हणाली की मला तो पुस्तकाने कुठे सांगितला होता, बाबा? मला तर तुम्ही सांगितलात. कठड्याला टेकून काका खाली रस्त्यावर दुकानांच्या पाट्या बघत राहिले, आणि एका पाटीवरची चूक त्यांच्या लक्षात जरा उशिराच आली.

पुढच्या आठवड्यात बाईंच्या दुरुस्त्या आल्या. उद्गारचिन्हं त्यांनी आपण होऊन कमी केली होती; काकांनी भुवया उंचावून समाधान मानलं. त्या पानावरची दुरुस्ती फटाफटताईंनी काकांच्या हाती न देता थेट संगणकावर घेतली. घडल्या प्रकाराने त्या मनातून खजील झाल्या होत्या, आणि कीबोर्ड तर त्यांनी प्रकाशकांशी वाद घालून नवाच घेतला होता. या खेपेला एक वेलांटी इकडची तिकडे होणार नाही, असं त्यांनी शिपायादेखत बजावलं होतं.

पानं काकांच्या टेबलावर आली. ते वाचत वाचत मागच्या खोलीपाशी पोहोचले.

‘मागच्या खोलीत हिरवट उजेड होता, आणि त्या उजेडात खोली हिरवट दिसत होती.’

काकांनी वाक्य दोनदा वाचलं. उजेड हिरवट, ते झालं. खूण जागेवर आली, आता ती पोरगी काही म्हणणार नाही. पण हिरव्या उजेडात खोली हिरवट दिसली, हे सांगायला एवढं लांब वाक्य? बाई असं पाणी घालून लिहीत नाहीत. त्यांनी बाईंनी पाठवलेला कागद मागवून घेतला. अक्षर डॉक्टरांचं, म्हणजे एरवी औषधाच्या दुकानदारालाच लागावं असं. पण त्या ओळीतला शेवटून तिसरा शब्द बाईंनी, पाटीवर मुलांसाठी गिरवावा तसा, सुटा आणि ठळक काढला होता. त्याच्या आधी वेलांटी नव्हती. आणि काही शंका राहू नये म्हणून समासात लिहिलं होतं, ‘असंच हवं.’

काकांनी कागद बाजूला ठेवला आणि पेन्सिल घेतली. वेलांटी घालायची त्यांच्या हाताला सवय होती. काढून टाकायची वेळ सहसा येत नसे, त्यामुळे हाताला जरा आठवावं लागलं. दांड्यावर त्यांनी बारीक तिरपी रेघ मारली आणि समासात काढून टाकण्याची खूण केली. मग शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. बरोबर होता.

फटाफटताई तिकडून बघतच होत्या. काकांची पेन्सिल त्या पानावर थांबलेली पाहून त्या उठून आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून वाकल्या. समासातली खूण दिसल्यावर त्यांचा चेहरा पडला.

“काका, परत चुकले का मी? दोन्हीकडे आठवणीने घातली होती हो.”

“एकीकडचीच हवी.”

“पण मग हा शब्द चुकीचा नाही का राहणार?”

“नाही,” वेलांटीकाका म्हणाले. “लेखिकेने लिहिलाय तो.”